तेजसची तारीख कुठे अडकली?

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो याच विमानासाठी. त्याची जागा तेजस घेणार होतं. ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला, पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत द्यायचं ठरलं. मिग गेलं तेव्हा हवाई दलाकडे एकही मार्क-१ए आलेलं नव्हतं.

सगळे एचएएलला बोल लावतात. अर्धं खरंच आहे. सॉफ्टवेअर, क्षेपणास्त्र चाचण्या यातही वेळ गेला. पण विमानात इंजिन, इंजिनात शेकडो भाग, आणि त्या भागांचे पुरवठादार वेगवेगळे. अमेरिकेच्या जीई कंपनीने आपली आधीची ६५ एफ-४०४ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन ती लाइनच बंद केली होती. २०२१ ला ९९ इंजिनांची ऑर्डर गेली, तेव्हा लाइनसोबत पुरवठादारांची साखळीही नव्याने उभी करायची होती. तीही कोरोनात. त्यातलं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळालं, म्हणजे विमानाच्या तारखेनंतर वर्षभराने!

मधली पाच वर्षं ऑर्डर का गेली नाही? आणि लाइन बंद आहे हे माहीत असताना मार्च २०२४ ही तारीख कुठल्या हिशेबाने काढली? हे मात्र कुणी विचारत नाही.

ओझरला बनलेलं पहिलं मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं. मिग जाऊन तीन आठवडे झाले होते.