कॉलेजच्या उंबरठ्यावरचा अपूर्णांक

भारतातून नव्याने अमेरिकेत आलेल्या माणसाला एका गोष्टीचे हमखास आश्चर्य वाटत असे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे माहितीपत्रक उघडावे, तर कॅल्क्युलसच्या अलीकडे चक्क अंकगणिताचा वर्ग! पाव अधिक एक तृतीयांश किती, हे शिकायला पंचविशीची, चाळिशीची माणसे कामावरून थेट संध्याकाळच्या वर्गात येत. "एवढे तर आमच्याकडे पाचवीतल्या मुलाला येते," असे म्हणून आपण पान उलटत असू. पण त्या वर्गामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या पावकी-दिडकीलाही एक जागा आहे.

दार उघडले, उंबरठा राहिला

विस्कॉन्सिन विद्यापीठाने १८४९ साली पहिला वर्ग भरवला तो पूर्वतयारीचा होता, कारण कॉलेजचे शिक्षण पेलेल इतकी तयारी असलेली मुलेच पुरेशी नव्हती. १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे ज्युनिअर कॉलेज निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ च्या 'जीआय बिला'ने सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने कम्युनिटी कॉलेजांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला प्रवेश खुला केला.

दर वेळी दार थोडे अधिक उघडले आणि शाळा सोडून वर्षे लोटलेली माणसे आत आली. आत येताच त्यांची चाचणी होई. तीत कमी पडलेल्यांना आधी अंकगणित, मग पूर्वबीजगणित, मग प्राथमिक बीजगणित अशा पायऱ्या चढाव्या लागत. फी भरायची, पण पदवीसाठी ते श्रेयांक धरले जात नसत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले, की तीन किंवा अधिक पायऱ्या खालून सुरुवात करायला सांगितलेल्यांपैकी सुमारे १७ टक्केच ही गणिताची शिडी पूर्ण चढले. नापास होऊन बाहेर पडणाऱ्यांपेक्षा पुढच्या वर्गात नावच न घालणारे अधिक होते. नर्स व्हायला निघालेली एखादी बाई शरीरशास्त्राच्या पुस्तकापर्यंत पोचण्याआधीच अपूर्णांकापाशी थांबत होती.

अडते कुठे?

१९७८ मध्ये अमेरिकेतील देशव्यापी चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना एक प्रश्न विचारला गेला: १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक, म्हणजे उत्तर २. ते फक्त २४ टक्के मुलांना आले. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले. म्हणजे वरचे आकडे मिळवले किंवा खालचे मिळवले.

ही मुले मोठी होऊन कॉलेजात आली तरी गुंता सुटला नाही. २०१० च्याच सुमारास लॉस एंजेलिस परिसरातील कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारले गेले, की 'अ' ही धन पूर्णसंख्या असेल तर अ/५ मोठा की अ/८? बरोबर उत्तर देणारे ५३ टक्के निघाले. नाणे उडवले असते तरी साधारण तेवढेच निघाले असते! या विद्यार्थ्यांना नियम आठवत होते. छेद सारखे करा, उलटा करून गुणा, तिरका गुणाकार करा. कोणता नियम कुठे लावायचा हे मात्र सुटले होते, कारण १२/१३ ही एक संख्या आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. त्यांच्या डोळ्यांना दिसत होते ते एकावर एक ठेवलेले दोन आकडे.

आपली पावकी-दिडकी

इथे आपल्या भाषेची गंमत पाहा. 'दीड' म्हणताना आपल्या मनात तीन आणि दोन येत नाहीत. दीड ही सरळ एक संख्या आहे. पाऊण म्हणजे पादोन, पाव कमी. सवा म्हणजे सपाद, पावासहित. अडीच आला अर्धतृतीय या शब्दावरून, म्हणजे तिसरा अर्धा. 'औट घटकेचे राज्य' आपण सहज म्हणतो, त्यातला औट म्हणजे साडेतीन. त्याचे मूळ अर्धचतुर्थ.

जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढेच असत. दिडकीत सातापुढे साडेदहा, औटकीत सातापुढे साडेचोवीस. लिहिण्याची रीतही सोपी: आकड्यापुढे एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. हे पाढे टिकले, कारण बाजारात त्यांना काम होते. रुपयाचे आणे सोळा. पावली म्हणजे चार आणे, अधेली म्हणजे आठ. वजनात पावशेर आणि नवटाक. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि या पाढ्यांची गरज ओसरली.

या पाढ्यांचा फार गौरव करण्याचेही कारण नाही. ते घोकंपट्टीने, अनेकदा छडीच्या धाकाने शिकवले जात, आणि दोन सप्तमांश कुणी विचारले तर ते गप्प बसत. पण अपूर्णांक ही मोजता येणारी वस्तू आहे, एवढे त्यांनी पक्के केले होते.

अमेरिकन माणसाकडेही ही शिदोरी आहे. त्याच्या खिशातले क्वार्टर म्हणजे आपली पावलीच. सुताराच्या टेपवर इंचाचे सोळा भाग असतात. १९३८ च्या कायद्यापासून जादा कामाचे पैसे दीडपट मिळतात. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले भावसुद्धा २००१ पर्यंत अपूर्णांकातच सांगितले जात. प्रौढ विद्यार्थी वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाही. पाटीवर आधीच लिहिलेले वाचून घ्यावे लागते.

आता पुढे

फ्लोरिडाने २०१३ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदे करून ही शिडी बरीच आखूड केली. विद्यार्थ्याला थेट श्रेयांकाच्या वर्गात बसवायचे आणि जोडीला मदत द्यायची, अशी नवी रीत आली. अडकलेल्या अनेकांना तिने वाट मोकळी केली, हे चांगलेच झाले. पण वर्ग बंद झाला म्हणून अपूर्णांक संपत नाही. डॉक्टरांनी ३७५ मिलिग्रॅम सांगितले आणि हातात २५० ची गोळी असेल, तर किती द्यायच्या हे नर्सला कळायलाच हवे. उत्तर आहे दीड.

मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला निघालेल्या भगिनी आपल्यातही आहेत, आणि ग्रंथालयात प्रौढांना शिकवायला जाणारे निवृत्त इंजिनिअरही. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की समोरच्याला नियम सांगण्याआधी विचारावे: हे एकापेक्षा जास्त आहे की कमी? अर्ध्याच्या जवळ आहे की एकाच्या? उत्तर मिळेपर्यंत थांबावे. छेद त्यानंतर सारखे करता येतील.