ब्रसेल्समधल्या दोन गोळ्या

फ्रेंच प्रतीकवादाचा विषय निघाला की वर्गातून आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो : व्हर्लेनने रँबोवर गोळ्या झाडल्या, त्या चुकल्या कशा? दोघे एकाच खोलीत होते, मध्ये काही पावलांचेच अंतर होते. तरीही एक गोळी डाव्या मनगटात शिरली आणि दुसरी भलतीकडेच गेली. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर तयार असते : प्रेमच ते, त्याला मारायचे नव्हतेच. हे उत्तर काव्यात्म आहे. पण ते पुराव्यावर टिकते का, हे तपासून पाहिले पाहिजे.

घटना 10 जुलै 1873 ची. एकोणतीस वर्षांचा पॉल व्हर्लेन पत्नी मातिल्द आणि तान्हे मूल यांना सोडून आलेला होता. अठरा वर्षांचा आर्थर रँबो त्याला सोडून पॅरिसला निघण्याच्या तयारीत होता. त्या दिवशी सकाळी व्हर्लेनने ब्रसेल्समधील एका बंदूकविक्रेत्याकडून 23 फ्रँकना सहा गोळ्यांचे, सात मिलिमीटरचे, लेफोशो पद्धतीचे रिव्हॉल्व्हर विकत घेतले. दुपारी हॉटेलच्या खोलीत, मद्याच्या अमलाखाली, त्याने दोन गोळ्या झाडल्या. व्हर्लेनची आईही त्या हॉटेलात मुक्कामाला होती.

आता शस्त्राकडे पाहू. लेफोशो पद्धतीच्या काडतुसाच्या बाजूला एक बारीक खिळा बाहेर आलेला असतो. घोडा त्यावर आदळला की आतली दारू पेटते. खिशात मावणाऱ्या अशा रिव्हॉल्व्हरची नळी आखूड असते, आणि नेमबाजीची अडचण इथेच सुरू होते. नेम धरताना मागची खाच आणि नळीच्या टोकावरची खूण एका रेषेत आणावी लागते. या दोहोंत पाच सेंटिमीटरचे अंतर असेल आणि रेष एका मिलिमीटरने चुकली, तर तीन मीटरवर गोळी सहा सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर पंधरा सेंटिमीटर असेल तर चूक दोन सेंटिमीटरांवर येते. म्हणजे हात तेवढाच थरथरला तरी लहान शस्त्र ती थरथर तिपटीने वाढवून दाखवते. त्यात चाप ओढताना बोटाचा जोर बाजूला पडला, तर हलके शस्त्र ऐन क्षणी वळते. इथे हात मद्यप्याचा होता, मन संतापलेले होते, शस्त्र त्याच दिवशी घेतलेले होते, आणि व्हर्लेन नीट नेम धरून उभा होता असे मानण्यासही काही आधार नाही.

तात्पर्य एवढेच, की नेम चुकण्यासाठी शस्त्र आणि हात ही दोन कारणे पुरेशी आहेत. म्हणून चुकलेल्या नेमावरून हेतू सिद्ध होत नाही, ना मारण्याचा, ना वाचवण्याचा. मनगटावर मलमपट्टी करून स्थानकाकडे जाताना व्हर्लेनने पुन्हा खिशात हात घातला, आणि रँबो घाबरून पोलिसाकडे धावला. प्रेमकथा सांगणारे इथपर्यंत सहसा येत नाहीत. रँबोने पुढे तक्रार मागे घेतली. तरीही 8 ऑगस्टला व्हर्लेनला दोन वर्षे कैद आणि 200 फ्रँक दंड अशी शिक्षा झाली.

दुसरी आख्यायिका याहून चिवट आहे : या गोळीतूनच 'नरकातील एक ऋतू' जन्मले. पण पुस्तकाच्या अखेरीस रँबोने स्वतः 'एप्रिल-ऑगस्ट 1873' असा काळ नोंदवला आहे. मे महिन्यातील त्याच्या पत्रातही या गद्यलेखनाचा उल्लेख येतो. म्हणजे लेखन गोळीच्या आधीच सुरू झाले होते. जखमेचा ठसा त्यावर उमटला असेल, नव्हे, उमटलाच असावा. परंतु ठसा म्हणजे उगम नव्हे. चरित्रातील एका स्फोटक प्रसंगावर संपूर्ण कलाकृती टांगून ठेवण्याची आपल्या समीक्षेची सवय इथे उघडी पडते. मर्ढेकरांपासून लघुअनियतकालिकांच्या कवींपर्यंत ती आपण मराठीतही पाहिलेली आहे.

या सवयीची किंमत कोण मोजते? एक तर मातिल्दसारखी माणसे. व्हर्लेनचा हिंसाचार तिने ब्रसेल्सच्या आधीच सोसला होता. तो मात्र 'शापित कवी'च्या वलयात विरून जातो. आणि दुसरे, पुस्तके. ब्रसेल्समध्ये छापलेल्या त्या पुस्तकाच्या बहुतेक प्रती पैसे न चुकवल्यामुळे छापखान्यातच पडून राहिल्या. त्या 1901 मध्ये एका ग्रंथप्रेमीला सापडल्या. ते रिव्हॉल्व्हर मात्र 30 नोव्हेंबर 2016 रोजी पॅरिसच्या लिलावात 4 लाख 34 हजार 500 युरोंना विकले गेले.

एक गोष्ट मात्र व्हर्लेनच्या बाजूने नोंदवली पाहिजे. रँबोने लेखन सोडून दिल्यावर त्याच्या कविता वाचकांपुढे आणल्या त्या व्हर्लेननेच. 1884 च्या 'शापित कवी' या पुस्तकातील रँबोवरचा लेख त्याची साक्ष आहे. गोळी का चुकली याचे उत्तर भूमिती आणि मद्य यांत सापडते. ज्याने गोळी झाडली त्यानेच त्या कविता का जपल्या, याचे उत्तर मात्र कविताच वाचून शोधावे लागते. पुढच्या खेपेस वर्गात तो प्रश्न आला, की आधी हे उत्तर द्यावे आणि लगेच पुस्तक उघडावे, असे आम्ही ठरवले आहे.