उत्खननाचा हंगाम : कोकण किनारा आणि वैनगंगेचे खोरे

प्रस्तावना

एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. त्यामुळे उत्खननाचा काळ निवडणे हा केवळ सोयीचा प्रश्न नसून पुराव्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न ठरतो. भारतातील उत्खननांची वर्षे '१९६९-७०' अशी जोडून लिहिली जातात, कारण पावसाळा संपल्यावर सुरू होणारे काम पुढील वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत चालते. मात्र या काळातील नेमके कोणते महिने उपयुक्त, हे प्रदेशानुसार बदलते. प्रस्तुत लेखात कोकण किनारा व ब्रह्मपुरी परिसर यांच्या तुलनेतून हा मुद्दा मांडला आहे.

कोकण किनारा

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन एप्रिल १८८२ मध्ये केले. तेथील स्तूपात दगडी करंडक व आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. किनाऱ्यावर एप्रिल दमट व त्रासदायक असतो. तथापि त्याचा एक लाभ आहे. कोकणात पावसाळ्यात दोन हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. सखल भागात त्यानंतर कित्येक महिने भूजल वर राहते आणि खोल खड्ड्यात पाणी झिरपते. उन्हाळ्यात ही पातळी खाली गेल्यावरच तळाचे थर कोरडे सापडतात. उलट, खारट जमिनीतील खापरे धुण्यास लागणारे गोडे पाणी तेव्हा दुर्मीळ होते. म्हणून वरचे थर हिवाळ्यात, खालचे थर मार्च-एप्रिलमध्ये आणि मे महिन्याच्या मध्यापूर्वी खड्डे सुरक्षित करणे, असा क्रम तेथे योग्य ठरतो. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू (व्हीलर यांचे उत्खनन, १९४५) येथे मात्र मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. अर्थात, दोन्ही किनाऱ्यांनाही एकच वेळापत्रक लागू पडत नाही.

वैनगंगेचे खोरे

ब्रह्मपुरीच्या वायव्येस वैनगंगेकाठी वसलेल्या पवनी येथे १९६९-७० मध्ये शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. या खोऱ्यातील अडचणी किनाऱ्याहून भिन्न आहेत. काळी माती ओलाव्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. ओल्या मातीत खड्ड्याच्या भिंती ढासळतात, तर भेगांतून वरच्या थरातील मणी, नाणी खालच्या थरात उतरून कालनिर्णयात घोटाळा होऊ शकतो. थोडा ओलावा असताना थरांच्या रंगांतील भेद स्पष्ट दिसतो. माती पूर्ण वाळली की तो पुसट होतो.

शेतीचे वेळापत्रकही तितकेच निर्णायक आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धानाची कापणी व मळणी चालते. त्याच बांध्यांत लाखोळी उभी असते. मार्चपासून मोहफुले व पुढे तेंदूपाने गोळा करण्यास मजूर जंगलात जातात. मे महिन्यात ब्रह्मपुरीचे तापमान अनेकदा ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. म्हणजेच डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ येथे खऱ्या अर्थाने हाती उरतो.

निष्कर्ष

किनाऱ्यावर भूजल, तर वैनगंगेच्या खोऱ्यात माती, धान व जंगल हंगाम ठरवितात. निधी व परवानगी यांत जानेवारी निघून गेल्यास येथील संशोधकापुढे दोनच मार्ग राहतात : भेगाळलेल्या जमिनीत घाईने खणणे किंवा वर्षभर थांबणे. ऑगस्ट २०२० च्या वैनगंगेच्या महापुराने नदीकाठ किती असुरक्षित आहे हे दाखविले, त्यामुळे थांबण्यातही जोखीम आहे. तरीही घाईने विस्कटलेला थर कायमचा गमावला जातो. म्हणून उत्खननाचे नियोजन मागील पावसाळ्यातच पूर्ण होणे आवश्यक आहे.