बुबुळावरचे फूल

बुबुळावर पांढरा डाग दिसला म्हणजे ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. दुःखाला इतके कोमल नाव क्वचितच मिळाले असेल. रायपूरच्या रेल्वेमार्गापलीकडील गुढियारीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आणि त्याच्या छत्तीसगढी शेजाऱ्याला हे दुखणे सारखेच परिचयाचे असावयाचे. कारण हा मुलूख भाताचा. कापणी-मळणीत भाताचे पाते किंवा तूस डोळ्यात गेले, बुबुळाला ओरखडा पडला आणि त्यावर बुरशी धरली, की जखम चिघळते. ती भरून आली तरी मागे फूल उरते. हे फूल काढून दृष्टी परत देता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

बुबुळापुढील ज्या पारदर्शक पडद्यावर हे फूल पडते, त्याला शास्त्रात स्वच्छमंडल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण तेवढ्यातही थर आहेत. वर पातळ आवरण, मध्ये तंतूंचा गाभा आणि सर्वांत आत पेशींचा एकच एक थर. हा आतला थर पडद्यातील पाणी अखंड उपसून तो निर्मळ ठेवतो. त्याच्या पेशी एकदा नष्ट झाल्या, की माणसाच्या डोळ्यात त्यांची भरपाई होत नाही. पडदा फुगतो व धुरकट होतो. तेव्हा बिघाड पुढच्या थरात आहे की मागच्या, हाच मूळ प्रश्न होय.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात आर्थर फोन हिपेल या जर्मन नेत्रवैद्याने केवळ पुढचा थर बदलून पाहिला. त्यासाठी त्याने सशाचे स्वच्छमंडल वापरले. म्हणजे आरंभीचे प्रयत्न आंशिक रोपणाचेही होते. पण यशाची खरी वार्ता आली ती ७ डिसेंबर १९०५ रोजी, मोराव्हियातील ओलोमोउत्स गावाहून. चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुरावर एडुआर्ड त्सिर्म यांनी पूर्ण जाडीचे रोपण केले. पडदा आला होता अपघातात डोळा गमावलेल्या एका मुलाकडून. दोहोंपैकी एका डोळ्यातील रोपण टिकले. पुढे ओडेसाच्या फिलातोव्ह यांनी मृतांच्या डोळ्यांतील पडदा वापरण्याचा मार्ग प्रशस्त केला आणि नेत्रपेढीची कल्पना साकार होऊ लागली.

आपल्या देशातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला निघाली. मुंबई राज्याने १९५७ मध्ये नेत्ररोपणासंबंधी कायदा केला. मराठी माणसांची जुनी वस्ती असलेल्या इंदुरात डॉ. धंडा यांनी १९६० साली केलेले यशस्वी रोपण प्रसिद्ध आहे. इंदूर आणि रायपूर तेव्हा एकाच मध्य प्रदेशात होती.

ही सारी रोपणे प्रामुख्याने आरपार असत. एका थरासाठी सगळा पडदा कापावा लागे. १९९८ पासून नेदरलँड्सचे गेरिट मेलेस यांनी केवळ मागचा थर बदलण्याची रीत विकसित केली; २००६ पर्यंत ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहून थोड्याच जाड पापुद्र्यावर येऊन ठेपली. उलट, आतला थर शाबूत असेल तर तो तसाच ठेवून पुढचा गाभा बदलतात. २००२ मध्ये मोहंमद अन्वर यांनी हवेच्या फुग्याने हे थर विलग करण्याची युक्ती मांडली. फूल फार खोल गेले असेल तर मात्र आजही आरपार रोपणच करावे लागते.

आता रोग्याने कशाची अपेक्षा धरावी? पट्टी सुटताच लख्ख दिसेल, ही चित्रपटातली समजूत प्रथम सोडावी. मागच्या थराच्या रोपणात पापुद्रा हवेच्या बुडबुड्याने जागी दाबून धरतात. म्हणून पहिले एक-दोन दिवस उताणे पडून छताकडे पाहत राहावे लागते. पापुद्रा कडेने सुटलाच तर पुन्हा हवा भरतात. तेवढ्याने शस्त्रक्रिया फसली असे होत नाही. दृष्टी काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारत जाते. पुढच्या थराच्या रोपणात टाके असतात. ते महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक राहतात, आणि तोवर चष्म्याचा नंबर बदलत असतो. शरीराने परका पडदा नाकारण्याचा धोका आंशिक रोपणात कमी असतो, नाहीसा होत नाही. म्हणून थेंब दीर्घकाळ घालावे लागतात, डोळा चोळावयाचा नाही. आणि लाली, वेदना, उजेड न सोसणे किंवा दिसणे मंदावणे यांपैकी काहीही जाणवले, मग वर्षे का लोटलेली असेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावयाचे. आतील नेत्रपटल वा दृष्टिनाडी निकामी असेल, तर नवा पडदा दृष्टी देऊ शकत नाही, हेही आधी विचारून घ्यावे.

या प्रगतीचा आणखी एक लाभ आहे. अनुकूल असेल तर एकाच दात्याच्या पडद्याचा पुढचा भाग एका रोग्याला व मागचा दुसऱ्याला उपयोगी पडतो. परंतु दाता हवाच. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. दात्याला चष्मा होता किंवा त्याचे मोतीबिंदू काढले होते, ही अडचण ठरत नाही, आणि चेहराही विद्रूप होत नाही. प्रतिवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदानाचा पंधरवडा पाळला जातो. पण शोकाच्या घडीला हा विषय घरात प्रथमच निघाला, तर निर्णय होणे कठीण जाते. तो आधीच, शांतपणे, घरच्यांशी बोलून ठेवलेला बरा.