गळती रोखण्याची तीनशे वर्षे

वॉशिंग मशीनखाली पाण्याचे थारोळे दिसले की आपण फडके घेऊन ते पुसतो आणि मग पाणी कुठून आले याचा शोध घेऊ लागतो. हा शोध वाटतो तितका सोपा नसतो. पाणी गळते एका जागी, ओघळते दुसरीकडून आणि साचते तिसरीकडे. शोध घ्यायचा तर यंत्राच्या रचनेतली एक मूळ अडचण आधी समजून घ्यायला हवी.

या यंत्रात पाणी धरणारी एक स्थिर टाकी असते आणि तिच्या आत कपड्यांचा ड्रम फिरतो. ड्रम फिरवणारी मोटर मात्र टाकीबाहेर असते. म्हणजे ड्रमचा दांडा टाकीच्या भिंतीतून बाहेर काढणे भाग आहे. भोक घट्ट केले तर दांडा फिरत नाही. सैल केले तर पाणी गळते. हलणाऱ्या भागाला वाट द्यायची, पण पाण्याला, वाफेला किंवा हवेला ती द्यायची नाही, हे कोडे वॉशिंग मशीनहून फार जुने आहे. त्याचा इतिहास वाफेच्या इंजिनापासून पाहता येतो.

पाण्याचा थर आणि जुन्या टोप्या

१७१२ साली इंग्लंडमध्ये डडली कॅसलजवळ टॉमस न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन खाणीतले पाणी उपसू लागले. त्या काळी मोठे सिलिंडर आतून अचूक गोल करता येत नसत. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात फट राहणारच होती. न्यूकोमेनने दट्ट्यावर चामड्याची चकती बसवली आणि तिच्यावर पाण्याचा थर ठेवला. फटीतून हवेऐवजी थोडे पाणी आत झिरपे, एवढेच. सिलिंडर प्रत्येक फेरीत थंड करायचाच असल्याने ते चालून जाई.

जेम्स वॉटला ही सोय नव्हती. सिलिंडर सतत गरम ठेवायचा आणि वाफ दुसऱ्या भांड्यात थंड करायची, ही त्याची कल्पना होती. तिचे पेटंट त्याला १७६९ साली मिळाले. दट्ट्यावर गार पाणी ओतले तर या कल्पनेचा गाभाच नाहीसा होणार होता. म्हणून फट बुजवण्यासाठी त्याने बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, जुन्या टोप्या, कागद, इतकेच काय, घोड्याची लीदसुद्धा वापरून पाहिली! वाफ गळतच राहिली. अडचण सुटली ती १७७५ साली, जॉन विल्किन्सनने सिलिंडर आतून कोरण्याचे नवे यंत्र तयार केल्यावर. सव्वा मीटरहून अधिक व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतकीही चूक नाही, असे वॉटचा भागीदार बोल्टन याने लिहून ठेवले आहे. उत्तम कल्पना केवळ गळतीपायी काही वर्षे अडून राहिली, हे यातून ध्यानात येते.

दाबालाच कामाला लावणे

या इतिहासातले महत्त्वाचे वळण १७९५ सालच्या सुमारास आले. जोसेफ ब्रामाने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. इथे दाब प्रचंड होता. तो अडेल इतके घट्ट बूच बसवले की दट्ट्या परत खाली येईना. ब्रामाच्या कारखान्यातला तरुण कारागीर हेन्री मॉड्सले याने वाटीच्या आकाराचे चामडे सुचवले, असे मानले जाते. वाटीचे तोंड पाण्याकडे ठेवलेले होते. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब वाटीच्या कडा फाकवून दट्ट्यावर आवळून धरतो. दाब गेला की कडा सैल पडतात आणि दट्ट्या सहज मागे येतो. म्हणजे जे अडवायचे त्याच्याच जोरावर ते अडवायचे!

ही युक्ती आपल्या घरातही आहे. पंप मारायच्या रॉकेलच्या स्टोव्हमधला किंवा सायकलच्या जुन्या पंपातला चामडी वायसर काढून पाहावा. तो असाच वाटीसारखा असतो. चामडे वाळले की हवा भरत नाही आणि तेलाचे चार थेंब सोडले की पंप पुन्हा चालू लागतो. सोलापूर आणि जालना येथे घडलेल्या हातपंपांच्या अनुभवावर १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क-२’ हा हापसा आकाराला आला. त्यातही आधी चामडी वायसर होते. पुढे नायट्राइल रबराचे आले.

रबराचे युग

चामडे वाळते, कुजते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधकासह रबर तापवण्याची रीत सापडली आणि दाबले तरी मूळ आकारात परतणारा टिकाऊ पदार्थ हाती आला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या डॅनिश नील्स क्रिस्टेन्सनने १९३७ साली एका साध्या रबरी कडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. कडीपेक्षा थोडी रुंद खोबण करायची आणि कडी तिच्यात बसवायची. दाब आला की कडी खोबणीच्या एका बाजूला रेटली जाते आणि फट बंद करते. ही ‘ओ-रिंग’ म्हणजे मॉड्सलेच्याच तत्त्वाचे नवे रूप होय.

मात्र रबर पुन्हा फुगून मूळ आकारात येते, या गुणावरच हे सारे अवलंबून असते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उडाले तेव्हा हवा सुमारे २ अंश सेल्सिअस इतकी थंड होती. अग्निबाणाच्या सांध्यातील ओ-रिंगा कडक पडल्या, तप्त वायू निसटला आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात ठेवला. चिमटा काढल्यावर तो लगेच फुगला नाही. एवढ्या साध्या प्रयोगाने त्यांनी कारण सर्वांसमोर ठेवले.

आपल्या यंत्राकडे परत

वॉशिंग मशीनच्या दांड्याभोवती रबराची पातळ ओठासारखी कडा असलेले सील असते. येथे एक गंमत आहे. टाकीतले पाणी ३० सेंटिमीटर उंच धरले तरी त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन शतांश इतकाच होतो. एवढा दाब ओठ आवळून धरायला पुरत नाही. म्हणून बहुधा त्या ओठाभोवती बारीक स्प्रिंगचे कडे घातलेले असते.

आता घर्षण पाहू. सील जेथे घासते तेथे दांड्याचा व्यास ३ सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे ९.४ सेंटिमीटर होतो. मिनिटाला १००० फेरे या वेगाने कपडे दहा मिनिटे पिळले तर ओठ ९४० मीटर घासला जातो. दर धुण्याला जवळजवळ एक किलोमीटर! त्यात गरम पाणी, साबण आणि क्षारांचे कण. ओठ झिजणारच.

गळती शोधताना ‘कुठे’ याच्या आधी ‘केव्हा’ विचारावे. यंत्र बंद असतानाही पाणी येत असेल तर नळाकडून येणारी नळी आणि तिचा चपटा वायसर पाहावा, कारण तेथे दाब सतत असतो. धुताना येत असेल तर दाराभोवतीच्या रबरी झालरीत केस, नाणे किंवा चीर आहे का आणि साबण जास्त होऊन फेस बाहेर येतो का, हे पाहावे. उपसताना आले तर संशय पंपावर आणि त्याच्या नळीवर. पिळताना मागच्या मध्यभागातून आले (वरून कपडे टाकायच्या यंत्रात टाकीच्या तळातून), त्यात गंजाचा तांबूस ओघळ असला आणि घरघर ऐकू आली, तर दांड्याचे सील गेले असावे. पाणी बेअरिंगपर्यंत पोचले आहे, असा त्याचा अर्थ. हे सर्व तपासण्याआधी विजेचा प्लग काढणे आणि नळ बंद करणे आवश्यक आहे.

सील किमतीने किरकोळ असते, पण ते वेळीच बदलले नाही तर बेअरिंग जाते. शिवाय काही यंत्रांमध्ये टाकीचे दोन अर्ध कायमचे जोडून टाकलेले असतात. तेथे लहानशा सीलसाठी सगळी टाकी बदलण्याची किंवा यंत्र भंगारात टाकण्याची पाळी येते. युरोपीय संघाने मार्च २०२१पासून दाराची सीले, ड्रम, बेअरिंग असे सुटे भाग किमान दहा वर्षे पुरवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आहे. मात्र ड्रम आणि बेअरिंग एकत्रित संच म्हणून देण्याची मुभाही ठेवली आहे. यंत्र विकत घेताना टाकी उघडता येते का, हा प्रश्न आपणही दुकानदाराला विचारायला हवा.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. जुन्या पंपातला चामडी वायसर एकदा नीट बसवून आणि एकदा उलटा बसवून फुगा फुगवून पाहावा. उलटा बसवल्यावर हवा का भरत नाही, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.