विट्याच्या बाजारात आणि खाणावळीत: कमी खर्चात रुग्णाचा चांगला आहार

‘डॉक्टर, पेशंटला खायला काय देऊ?’ तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या की दाराशी थांबून नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. पुष्कळदा उत्तर त्यांनी आधीच ठरवलेले असते: सफरचंद, शहाळे, किवी आणि टीव्हीवर दिसणारा पावडरचा डबा. गलाईच्या निमित्ताने परराज्यात असलेला मुलगाही फोनवरून तेच सांगतो, ‘पैशाची काळजी करू नका, चांगलं काहीतरी आणा.’

काही वर्षांपूर्वी आजारातून उठलेल्या एका आजींना मी चिठ्ठीवर ‘प्रथिनयुक्त आहार घ्या’ एवढेच लिहून दिले होते. पुढच्या वेळी आल्या तेव्हा अशक्तपणा तसाच होता. चौकशी केल्यावर कळले, की घरच्या कोंबड्यांची अंडी बाजारात विकून त्या पैशातून त्यांनी पावडरचा डबा आणला होता. चूक त्यांची नव्हती. प्रथिने म्हणजे काय आणि ती कशात असतात, हे मी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी खाण्याच्या गोष्टी नावानिशी सांगतो. या लेखातही तेच करायचे आहे.

रोज किती आणि काय लागते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाला साधारण 2000 कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या ताटात त्यानुसार अंदाजे पुढील गोष्टी असाव्यात:

• धान्य (भाकरी, चपाती, भात मिळून) – 250 ग्रॅम
• डाळी व कडधान्ये, किंवा त्यांच्या काही भागाऐवजी अंडी, मासे, मांस – 85 ग्रॅम
• पालेभाज्यांसह सर्व भाज्या – 400 ग्रॅम
• फळे – 100 ग्रॅम
• दूध किंवा दही – 300 मिली
• शेंगदाणे, तीळ, जवस यांसारख्या तेलबिया – सुमारे 35 ग्रॅम
• तेल-तूप – 27 ग्रॅम, म्हणजे दिवसभरात पाच-सहा छोटे चमचे

आपल्याकडच्या बहुतेक घरांत धान्य आणि तेल यापेक्षा जास्त होते; डाळी, भाज्या आणि दूध कमी पडते. म्हणजे पैसे वाढवण्याआधी ते कुठे जातात हे पाहिले पाहिजे.

प्रथिनांचा हिशोब

निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 0.8 ते 1 ग्रॅम प्रथिने लागतात. 60 किलो वजनाच्या माणसाला सुमारे 50 ते 60 ग्रॅम. आजारातून उठताना थोडी जास्त लागू शकतात.

आता बाजारात जाताना हा हिशोब करून पाहा. भाव बदलत असतात, म्हणून येथे फक्त उदाहरणादाखल भाव धरले आहेत. 10 ग्रॅम प्रथिने मिळवायला किती खर्च येतो?

• हुलगा, 100 रुपये किलो – साडेचार रुपये
• शेंगदाणे, 140 रुपये किलो – साडेपाच ते सहा रुपये
• अंडे, 7 रुपयांना एक (एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम) – 12 रुपये
• दूध, 60 रुपये लिटर – 19 रुपये
• 100 ग्रॅममध्ये 30 ग्रॅम प्रथिने असल्याचे छापलेला, 200 ग्रॅमचा 360 रुपयांचा पावडरचा डबा – 60 रुपये

स्वतःच्या गावचे भाव घालून हा हिशोब करा. रुपये बदलतील, पण डबा सर्वांत महाग राहील. काही रुग्णांना, उदाहरणार्थ गिळायला त्रास होणाऱ्यांना किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, पावडरची खरी गरज असते. ती डॉक्टर सांगतील. इतरांनी तो खर्च अंडी, कडधान्ये आणि दुधावर करावा.

दिवसभराचे एक साधे उदाहरण: ज्वारीच्या तीन मध्यम भाकऱ्या, दोन वेळा वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे आणि एक पेला दूध किंवा दही. यातून 55 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. अंडी खात नसाल तर उसळ थोडी वाढवा आणि आठवड्यातून दोन-तीनदा सोयाबीनच्या वड्यांची भाजी करा.

आठवडा बाजारात काय घ्यावे?

खानापूर तालुका हा मूळचा दुष्काळी पट्टा. कमी पाण्यावर येणारी पिकेच इथले जुने अन्न आहे आणि आजच्या आजारांत तेच उपयोगी पडते.

धान्य: शाळू ज्वारी आणि बाजरी. दोन्हींत पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तंतुमय भाग जास्त असतो. मात्र भाकरीनेही साखर वाढते. मधुमेह असेल तर संख्या मोजूनच खा.

कडधान्ये: हुलगा, मटकी, मूग, चवळी, हरभरा. मोड आणून शिजवली की पचायला सोपी जातात आणि शिजायला वेळही कमी लागतो.

पालेभाज्या: मेथी, शेपू, चाकवत, तांदळजा, करडई, अंबाडी. हंगामात जी जुडी स्वस्त असेल ती घ्या. रोज एक पालेभाजी आणि एक फळभाजी असे धोरण ठेवा. शेवग्याचा पाला अनेकांच्या दारातच असतो. तोही चांगली पालेभाजी आहे.

फळे: पेरू, पपई, केळी, बोरे, हंगामात द्राक्षे, आटपाडीकडची डाळिंबे. 100 ग्रॅम पेरूत ‘क’ जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या आसपास असते. सफरचंदात ते 10 मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. सफरचंद वाईट नाही, पण आजाऱ्यासाठी तेच हवे असे मुळीच नाही.

अंडी: आपल्या परिसरात कुक्कुटपालन मोठ्या प्रमाणावर चालते, त्यामुळे अंडी सहज मिळतात. पांढरे व तपकिरी अंडे यांच्या पोषणमूल्यात विशेष फरक नाही. स्वस्त असेल ते घ्या, पूर्ण शिजवून खा.

घेताना काय पाहावे?

• संध्याकाळी बाजार उठताना भाजीचा भाव उतरतो. किंचित मरगळलेली भाजी चालते. सडलेली, चिकट झालेली किंवा बुरशी आलेली नको.
• शेंगदाणे बुरशी आलेले, काळपट किंवा चवीला कडू असतील तर टाकून द्या. त्या बुरशीतले विष यकृताला घातक असते आणि ते भाजण्याने पूर्णपणे जात नाही.
• हिरवे पडलेले किंवा मोठे कोंब आलेले बटाटे घेऊ नका.
• सांगली ही हळदीची मोठी पेठ आहे. सुट्या, भडक रंगाच्या पुडीऐवजी हळकुंड घेऊन दळून आणा.
• पालेभाज्या आणि द्राक्षे वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा नीट धुवा.

रेशनकार्डावर धान्य मिळत असेल तर जरूर घ्या. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिना 35 किलो धान्य मिळते. धान्याचा खर्च वाचला की ते पैसे डाळी, अंडी आणि भाजीसाठी ठेवा. क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी मदत मिळते. नोव्हेंबर 2024 पासून ती महिना 1000 रुपये झाली आहे. सरकारी दवाखान्यात नोंद आणि बँक खाते जोडलेले आहे का, हे विचारून घ्या.

बाहेरच जेवावे लागत असेल तर

यंत्रमागावर दिवसपाळी-रात्रपाळी करणारे, ट्रकचालक, एकटे राहणारे कामगार आणि दवाखान्यात पेशंटसोबत थांबलेले नातेवाईक यांना ‘बाहेरचे खाऊ नका’ असे सांगून उपयोग नसतो. बाहेर काय निवडायचे हे कळले तर पुष्कळ काम होते.

नाश्ता: इडली, उपमा, पोहे आणि सोबत उकडलेले अंडे. वडापाव आणि भजी कधीतरीच. मिसळ खायचीच असेल तर उसळ जास्त, फरसाण कमी आणि कट वेगळा मागा. वर तरंगणारे तेल ओतून घेऊ नका.

जेवण: भाकरी, उसळ किंवा पालेभाजी, वरण, कांदा-काकडी आणि ताक असेल तर ते ताट उत्तम. पिठले-भाकरीही चांगली, वरचे तेल मात्र घेऊ नका. मांसाहारी थाळीत तुकडे खा. तांबडा रस्सा वाटीमागून वाटी पिऊ नका, त्यात तेल आणि मीठ दोन्ही जास्त असते.

मीठ: दिवसभरात सगळे मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, यापेक्षा जास्त नको. पापड, लोणचे, खर्डा, फरसाण यांतून ते नकळत वाढते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने ताटातले पापड-लोणचे आधीच परत करावे.

शिवभोजन थाळी: ही योजना 26 जानेवारी 2020 रोजी 10 रुपयांत थाळी अशी सुरू झाली. ताटात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असतो. जवळ केंद्र चालू असेल तर दुपारची सोय होते. मधुमेही माणसाने भात निम्मा घ्यावा आणि सोबत घरून काकडी किंवा उकडलेले अंडे न्यावे.

चहा: पाळीवर पाच-सहा चहा होतात. प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर धरली तर दिवसाला 50 ते 60 ग्रॅम साखर झाली. मधुमेह नसलेल्यालाही ही जास्त आहे. चहा दोनवर आणा, साखर निम्मी करा. जेवणाबरोबर चहा घेऊ नका. अन्नातले लोह शरीरात नीट शोषले जात नाही. रक्त कमी असलेल्यांनी जेवताना लिंबू पिळावे.

परमिट रूममध्ये जाणाऱ्यांसाठी

दारू सोडणेच चांगले. पण जे जातात त्यांच्यापासून ही माहिती लपवण्यात अर्थ नाही.

• मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी दारू पिणे जिवावर बेतू शकते. साखर काही तासांनी, कधी पहाटे झोपेतही, एकदम उतरते. घाम, थरथर, बरळणे, तोल जाणे ही लक्षणे बघणाऱ्याला ‘जास्त झाली’ अशी वाटतात आणि माणसाला तसेच झोपू दिले जाते. असे करू नका, लगेच साखर तपासा.
• साखर 70 पेक्षा कमी असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. यंत्र जवळ नसेल तर तपासणीसाठी थांबू नका, साखर-पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.
• क्षयरोगाची औषधे, मेट्रोनिडाझोल, झोपेच्या गोळ्या चालू असताना दारू पूर्ण बंद.
• चकण्याचे खारे दाणे, तळलेले पापड, शेव यांनी रक्तदाब वाढतो. साधे भाजलेले दाणे, काकडी, उकडलेले अंडे मागा.

स्वस्त खा, पण स्वच्छ खा

समोर गरम केलेले अन्न शिळ्या महाग अन्नापेक्षा सुरक्षित. चिरून उघडी ठेवलेली फळे, पातळ चटण्या आणि गाड्यावरचा बर्फ टाळा. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात एक तासच धरा. तेल काळे, चिकट झालेले आणि धूर येणारे असेल तर तिथले तळलेले खाऊ नका. वर्तमानपत्रात बांधलेली भजी नकोत, छपाईची शाई अन्नात उतरते. पाणी उकळलेले प्या किंवा बाटली घरून न्या.

यांनी आधी डॉक्टरांना विचारावे

• मूत्रपिंडाचा आजार: प्रथिने, शहाळे, केळी, पालेभाज्या यांचे प्रमाण ठरवून घ्यावे लागते. ‘कमी सोडियमचे मीठ’ही विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात पोटॅशियम असते.
• रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल ही गोळी: पालेभाजी बंद करायची नाही, पण रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे.
• यकृताचा गंभीर आजार, हृदय कमजोर असल्याने पायाला सूज, गर्भावस्थेतील मधुमेह.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मधुमेहात साखरेऐवजी गूळ चालतो का?
नाही. गुळानेही रक्तातील साखर तशीच वाढते.

सैंधव मीठ रक्तदाबाला चालते का?
तेही मीठच आहे. प्रमाण तेवढेच कमी ठेवा.

आजाऱ्याला भेटायला जाताना काय न्यावे?
डझनभर अंडी, किलोभर मूग किंवा पेरू. फार तर आधी फोन करून विचारा, काय चालते.

दोन आठवडे असा आहार घेऊनही वजन उतरत असेल, भूक लागत नसेल, खोकला किंवा ताप जात नसेल, तर फक्त आहार बदलत बसू नका, तपासणी करून घ्या. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात येताना आठवडाभरात घरात काय शिजले ते एका कागदावर लिहून आणा. गोळ्यांच्या चिठ्ठीइतकाच तो कागद आम्हाला उपयोगी पडतो.