मुलांचा वाफा



मी इतिहासाचा पंडित नाही. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे वाचन कामगार संघटनेच्या कचेरीत, सभा संपल्यावर, जमेल तसे झाले. तेव्हा आजचे हे विवेचन विद्वानाचे नव्हे. एका फसलेल्या प्रयोगाचे कारण शोधताना हाती लागलेली ही हकीगत आहे, असे समजावे.

प्रयोग असा. काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीमागच्या अंगणात आम्ही मुलांसाठी वाफे केले. मेथी, कोथिंबीर, चार भेंडीची रोपे. पहिला आठवडा मुले दप्तर टाकून, मेथी उगवली का ते पाहायला धावत. दोन महिन्यांनी वाफ्यांत गवत माजले. मी मुलांवर रागावलो. हल्लीच्या पोरांना मातीची ओढ नाही, असे मीही चारचौघांत बोललो. पुढे वाचनात आले की, नेमके हेच दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या लाइप्झिग शहरात घडले होते. आणि तेथील लोकांनी माझ्यापेक्षा शहाणपणा दाखविला होता.

लाइप्झिग हे छापखान्यांचे आणि व्यापारी जत्रांचे शहर. १८३९ मध्ये ते ड्रेस्डेनशी आगगाडीने जोडले गेले. मग कारखाने आले, खेड्यापाड्यांतून माणसे आली आणि १८७१ पर्यंत वस्ती लाखापलीकडे गेली. याच शहरात २३ मे १८६३ रोजी फर्डिनांड लासाल यांच्या नेतृत्वाखाली सर्वसाधारण जर्मन कामगार संघ स्थापन झाला. मोठ्यांची चळवळ अशी उभी राहत असताना मुलांच्या पायांखालची मोकळी जमीन मात्र घरांखाली जात होती.

तेथे डॉ. मोरिट्झ श्रेबर नावाचे वैद्य होते. शहरी मुलांना उघड्यावर खेळायला मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. माणूस कडक शिस्तीचा. मुलांची पाठ ताठ राहावी म्हणून पट्ट्यांची साधने सुचविणारा. ते १८६१ मध्ये वारले. १८६४ मध्ये हाउशिल्ड या मुख्याध्यापकांनी पालकांची एक संस्था काढली आणि तिला श्रेबर यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी मुलांसाठी क्रीडांगण खुले झाले. गंमत पाहा: जर्मनीत आज अशा बागेला श्रेबरबाग म्हणतात, पण श्रेबर यांनी तसली एकही बाग लावली नव्हती.

बाग आली ती गेसेल या वृद्ध शिक्षकामुळे. १८६८ च्या सुमारास त्यांनी क्रीडांगणाच्या कडेला मुलांसाठी छोटे वाफे आखले. खेळाच्या जोडीला बी पेरावे, पाणी घालावे, उगवण्याची वाट पाहावी, हा त्यातला हेतू. मुलांनी हौसेने सुरुवात केली आणि लवकरच ती कंटाळली. तण वाढले. तेव्हा आईबाप पुढे आले. त्यांनी खुरपणी केली, कुंपण घातले, बसायला आडोसा केला. मुलांचे वाफे कुटुंबाच्या बागा झाल्या आणि थोड्याच वर्षांत त्यांची संख्या शंभराच्या घरात गेली.

काही जण म्हणतील, हा मुलांचा पराभव झाला. मोठ्यांनी वाफे बळकावले. मला तसे वाटत नाही. मूल खेळता खेळता मातीत हात घालते आणि पुन्हा खेळायला जाते, हा त्याचा धर्मच आहे. ते परत येईल तेव्हा रोप जिवंत असले पाहिजे, एवढेच. ते जिवंत ठेवणे हे मोठ्यांचे काम. पण त्यासाठी मोठ्यांपाशी दोन गोष्टी लागतात: फावला वेळ आणि हक्काची जागा.

लाइप्झिगची ती पहिली संस्था बव्हंशी मध्यमवर्गीयांची होती, हे सांगितले पाहिजे. तरीही तिला मूळ जागा सोडावी लागली आणि १८७६ पर्यंत नव्या जागी बस्तान हलवावे लागले. मजूर कुटुंबांची स्थिती तर याहून कठीण. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीत राज्यक्रांती झाली. त्याच महिन्यात कामगार संघटना आणि कारखानदार यांच्या करारात आठ तासांचा दिवस मान्य झाला. ३१ जुलै १९१९ च्या कायद्याने बाग करणाऱ्यांना मनमानी खंडापासून आणि मनमानी हकालपट्टीपासून संरक्षण दिले. आधी संध्याकाळ मिळाली, पाठोपाठ जमिनीची शाश्वती मिळाली. १९८३ च्या कायद्यानेही ते संरक्षण राखले असून एका बागेची मर्यादा ४०० चौरस मीटर ठरविली आहे. लाइप्झिगच्या त्या जुन्या संस्थेच्या घरात १९९६ पासून या बागांचे संग्रहालय आहे.

याच्या उलट उदाहरण न्यूयॉर्कचे. फॅनी पार्सन्स या बाईंनी १९०२ मध्ये डेविट क्लिंटन उद्यानात गरीब वस्तीतल्या मुलांसाठी शेती काढली. ओसाड जागेवर पोरांनी भाज्या पिकविल्या. कामाचा मोठा लौकिक झाला. परंतु जमीन उद्यानाची होती, मुलांच्या कुटुंबांची नव्हती. १९३० नंतर महामार्गाच्या बांधकामात ती बाग गेली. उत्साह कमी पडला नव्हता. कमी पडला तो हक्क.

आता आमच्या अंगणाकडे येतो. त्या मुलांच्या बापांपैकी एक पहारेकरी आहे, बारा तासांच्या पाळीचा. दुसरा दोन ठिकाणी कामाला जातो. आयांची धुणीभांडी सकाळी सहाला सुरू होतात. खुरपणी कोणी करायची? हा हिशेब न करता मी मुलांना दोष दिला. वर्षभरात त्या अंगणात मोटारी उभ्या राहू लागल्या आणि वाफ्यांचा प्रश्नच मिटला.

मुंबईच्या गिरण्यांचेही स्मरण होते. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी यायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी उरली ती आवारात आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती. आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या हिश्शात कितीतरी वाफे मावले असते. घरांसाठी आम्ही मोर्चे काढले, ते योग्यच होते. पण मुलांच्या मातीसाठी आम्ही तितक्या मोठ्याने ओरडलो नाही, ही माझ्या चळवळीची चूक मी येथे कबूल करतो.

म्हणून आपणांस विनंती एवढीच. मुलांना निसर्गाची गोडी लावा, असा ठराव कोणत्याही सभेत पास होईल. त्याखाली आणखी दोन ओळी लिहून घ्या: त्यांच्या आईबापांचे कामाचे तास किती, आणि वाफ्याची जमीन कोणाच्या नावावर. आमच्या चाळीतल्या एका मुलीने गच्चीच्या कठड्याशी तेलाच्या डब्यात पुन्हा मेथी पेरली आहे. तिचे रोप जगवायचे, तर या दोन प्रश्नांची उत्तरे आपण मोठ्यांनीच मिळविली पाहिजेत.